पहिल्या तासाचं पान

मामांच्या ओट्यावर बसून बोलायचं तर आवाज जरा चढाच लावावा लागतो. चार घरांआड पॉवरलूम, आणि त्यांची खटखट रात्री अकरालाही थांबत नाही. बुऱ्हाणपुरात नवा पाहुणा आला की पहिल्या दिवशी त्याला दुसरं काही ऐकूच येत नाही, तिसऱ्या दिवशी तो विचारतो, "आज लूम बंद आहेत का?" मामा एकतीस वर्षं बी.ए. प्रथम वर्षाला मानसशास्त्र शिकवत होते. पहिलं प्रकरण ते याच उदाहरणाने सुरू करायचे. आवाज तोच, कानही तेच, मग गेलं काय? त्यावर वर्गातला एखादा लूमवाल्याचा मुलगा हमखास म्हणायचा, "सर, बंद झाला की जाग येते."

त्या संध्याकाळी मी भुसावळहून आलो तेव्हा मामा चष्मा कपाळावर सरकवून एक कागद वाचत होते आणि वहिनी समोरच्या मोड्यावर बसल्या होत्या. वहिनी जळगावच्या. एम.ए. तिकडे केलं, लग्न होऊन इकडे आल्या, आणि तीन वर्षांपासून इथल्या एका कॉलेजात अतिथी विद्वान आहेत. हा शब्द मध्य प्रदेश सरकारचा. आपल्याकडे त्याला तासिका तत्त्व म्हणतात, त्यात निदान खरेपणा आहे. इथे माणसाला विद्वान म्हणतात आणि अतिथीसारखं कधीही निरोप देता येईल असं ठेवतात.

कागद दोन्ही बाजूंनी छापलेला, हिंदीत, अकरा कलमांचा. जुलैत सत्र सुरू झालं की पहिल्या तासाला वाटायचा. हजेरी, उशीर, प्रॅक्टिकलची फाइल, सी.सी.ई.चे (अंतर्गत मूल्यमापनाचे) गुण, मोबाइल, वर्गात काय बोलायचं आणि काय नाही.

"हे नियम आहेत की जाहीरनामा?" मामांनी विचारलं.

"पहिल्या तासाचं पान आहे, बाबा."

"पहिल्या तासाला मी नाव विचारायचो आणि गाव विचारायचो. ऐंशी नावं, ऐंशी गावं. शाहपूर, खकनार, नेपानगर, पलीकडून रावेरचीही दोन-चार. तास संपायचा. नियम काय, ते पोरांना महिन्याभरात आपोआप कळायचे."

"कळायचे कसे? कुणीतरी मोडायचा, तुम्ही ओरडायचात, बाकीच्यांना कळायचे."

मामा हसले. "तेही शिक्षणच."

"तुम्हाला पान लागलं नाही, कारण तुमचा शब्द चालायचा. तुम्ही कायम होतात, या गावचे होतात, अर्ध्या मुलांचे बाप तुम्हाला राजघाटावर भेटायचे. माझ्याविरुद्ध उद्या कुणी प्राचार्यांकडे गेलं तर माझ्याकडे दाखवायला काय आहे?"

"म्हणजे हे पान मुलांसाठी नाही. तुझ्या बचावासाठी आहे."

"दोघांच्या."

मामांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी ती खिशात असते.

*

पहिली लाल रेघ उशिराच्या कलमावर पडली. कलम असं होतं : उशीर झाला तर मागच्या दाराने आत यावं, बसावं, कारण सांगू नये. सत्रात तीन उशीर माफ. चौथ्यापासून त्या तासाची हजेरी नाही.

"कारण सांगू नये?" मामा खरोखर दुखावले होते. "अगं, कारण विचारलं तरच माणूस कळतो. नेपानगरची पोरं गाडीने यायची. गाडी उशिरा आली की डझनभर पोरं एकदम दारात. मी विचारायचो, आज कुठे अडकली? ती सांगायची, असीरगढला. वर्ग हसायचा, पोरं बसायची. एक मुलगा रात्रपाळी करून यायचा. कापसाचे तंतू केसांत तसेच. मी त्याला शेवटच्या बाकावर झोपू द्यायचो आणि हजेरी लावायचो. कुठल्या कलमात बसवशील तू त्याला?"

"त्याने तुम्हाला सांगितलं होतं, तो रात्रपाळी करतो म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मुलगा होता. ऐंशी जणांसमोर उभं राहून सांगू शकला. बाबा, मुलीला उशीर का होतो? घरी पाणी भरायचं असतं, धाकट्याला शाळेत सोडायचं असतं, आजोबा म्हणतात आज नको जाऊस. नाहीतर पोट दुखत असतं. यातलं काय ती वर्गासमोर सांगणार? तुम्ही कारण विचारता तेव्हा तुम्हाला वाटतं तुम्ही प्रेमाने विचारताय. ती दारात उभी असते."

मी मध्ये पडलो. म्हटलं, वहिनी, पण तीन माफ आणि चौथा नाही, हा आकडा कुठून आला? रात्रपाळीच्या मुलाला तीन पुरणार नाहीत आणि गावातल्या आळशाला तीन फुकट मिळतील.

"भावजी, आकडा हवेतूनच आला," त्या मोकळेपणाने म्हणाल्या. "कुठलाही आकडा हवेतूनच येतो. पंच्याहत्तर टक्के कुठून आले?"

याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. विद्यापीठं पंच्याहत्तर टक्के हजेरी मागतात, आपण ती सूर्य उगवतो तशी मानतो. पण हजेरीचा अभ्यास लोकांनी केलेला आहे, आणि वहिनींनी तो वाचलेला होता. क्रेडे, रॉक आणि किएश्चिंका या तिघांनी २०१० मध्ये कॉलेजच्या हजेरीवरचे कित्येक अभ्यास एकत्र करून ताडून पाहिले. वर्गात येणं आणि गुण मिळणं यांचा संबंध त्यांना फार घट्ट दिसला. प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षाही घट्ट. पण हजेरी सक्तीची केली म्हणून सरासरी गुण किती वाढतात हे पाहिलं, तेव्हा फरक छोटाच निघाला.

"मग सोडून दे ना सक्ती," मामा.

"छोटा म्हणजे शून्य नव्हे. आणि माझ्याकडच्या मुलींना सक्ती हवी असते. घरी दाखवायला. 'मॅडमनी लिहून दिलंय, नाही गेलं तर परीक्षेला बसू देणार नाहीत.' मागच्या वर्षी एकीने माझ्याकडून हेच पान शिक्का मारून मागितलं. तिच्या सासरी भिंतीवर लावलंय म्हणे."

मामा गप्प झाले. नियमाचा हा उपयोग त्यांच्या एकतीस वर्षांत त्यांना दिसला नव्हता. मला तर अजिबातच सुचला नसता. नियम म्हटलं की आपण त्याच्याकडे वर्गाच्या आतून पाहतो. घराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या हातात तो कागद काय करतो, हे पाहायला उंबऱ्याच्या बाजूनेच यावं लागतं.

"तरी एक सांगतो," मामा थोड्या वेळाने म्हणाले. "हजेरीला गुण लावलेस ना, ते चूक. लेपरचा प्रयोग तूच शिकवतेस."

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग. बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच हौस असलेल्या मुलांना सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. मिळालं. पुढे काही दिवसांनी तेच रंग मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं इतरांच्या मानाने निम्मा वेळच त्यांच्याकडे वळली.

"बाबा, त्या मुलांना हौस होती. माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी मानसशास्त्र घेतलंय ते भूगोलाच्या जागा भरल्या म्हणून. जी हौस नाहीच, ती मी काय मारणार?"

हे उत्तर मला आवडलं. मामांनाही आवडलं असावं, कारण त्यांनी लाल रेघ खोडली नाही, पण तिच्यापुढे छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

*

मामी चहा आणि मावा जलेबीची पुडी ठेवून गेल्या. ती काळपट, जड जलेबी खाताना कुणाला जोरात बोलता येत नाही. त्या शांततेत मामांनी न विचारता सांगितलं.

"शाहपूरकडची एक मुलगी होती. हुशार. माझी हजेरीची यादी बोर्डावर लागायची, त्यात तिचं नाव कमी हजेरीत लागलं. मी वाट बघितली. दरवर्षी दहा-बारा यायचे, सर, असं झालं, सर, तसं झालं. मी रागवायचो आणि सही करायचो. सगळ्यांच्या सह्या केल्या. ती आलीच नाही. मी म्हटलं, गरज नसेल. परीक्षेला बसली नाही. पुढे पाच वर्षांनी तिचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात आला. तो म्हणाला, ताई दोन दिवस स्टाफरूमच्या बाहेर उभी होती. आत सगळे सर लोक बसले होते. ती तशीच घरी परत आली."

वहिनी काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

मामांच्या सवलतीला दार होतं आणि ते दार खरोखर उघडं होतं, यात मला शंका नाही. पण उघडं दार दिसण्यासाठी आत जायची सवय लागते. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलंय, त्याला ठाऊक असतं की मास्तर ओरडतात आणि मग सही करतात. बाकीच्यांना फक्त ओरडणं ऐकू येतं. वहिनींचे तीन माफ उशीर आंधळे आहेत, आळशालाही मिळतात. पण ते मागावे लागत नाहीत.

फाइल उशिरा देण्याच्या कलमावर फार वाद झाला नाही. मामा तारखांच्या बाबतीत ढिले होते. वर्षाअखेर गठ्ठा आला तरी चालायचा. वहिनींनी प्रत्येक प्रयोगाला तारीख लावली होती. त्यांनी एरिएली आणि वेर्टेनब्रोख यांचा २००२ चा अभ्यास सांगितला : ज्यांनी स्वतः तारखा ठरवल्या, त्यांच्यापेक्षा बाहेरून समान अंतराच्या तारखा लादलेल्या विद्यार्थ्यांना गुण जास्त मिळाले. मामांनी लगेच टोला हाणला, "एरिएली म्हणजे तोच ना, ज्याचा प्रामाणिकपणावरचा निबंध खोट्या आकड्यांमुळे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला?" वहिनी म्हणाल्या, तोच, पण हा निबंध वेगळा. मामा म्हणाले, बघ बाई. आणि इथून गाडी जिथे जायची होती तिथे गेली : फाइलमधले आकडे.

*

हा भाग मला नीट समजायला वेळ लागला, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रथम वर्षाच्या मानसशास्त्राला प्रॅक्टिकल असतं. दोघादोघांची जोडी, एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयोज्य. ठरलेले जुने प्रयोग. त्यातला एक आरशातल्या चांदणीचा. समोर चांदणीची दुहेरी रेघ, पण तुमचा हात पडद्याआड. चांदणी दिसते ती फक्त आरशात. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्यांदा हात असा भरकटतो की आपला वाटत नाही. दहा वेळा करायचं, दरवेळी लागलेला वेळ आणि चुका मोजायच्या, आलेख काढायचा. वेळ कमी होत जातो, रेघ उतरत जाते. याला अध्ययन वक्र म्हणतात.

ही चांदणी साधी नाही. अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर १९५३ मध्ये अपस्माराची शस्त्रक्रिया झाली आणि त्याला नवं काही लक्षात राहीनासं झालं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला सलग तीन दिवस हीच चांदणी काढायला दिली. आपण हे आधी केलंय हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं, पण हात सुधारत गेला. माणसाला आठवतं आणि हाताला आठवतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे जगाला अशा चांदणीतून दिसलं. बुऱ्हाणपुरात याचं नवल कमी वाटावं. इथे तुटलेला धागा न बघता सांधणारी बोटं गल्लोगल्ली आहेत.

तर वहिनींचं कलम : फाइलमधले आकडे जसे आले तसेच लिहावेत. आलेख वाकडा आला तरी गुण कापले जाणार नाहीत. आकडे सजवलेले आढळले तर प्रयोग पुन्हा करावा लागेल.

मामांनी चष्मा काढला. "हे चालणार नाही."

"का?"

"बाहेरून परीक्षक येतो. त्याच्यापुढे ऐंशी फायली. वीस मिनिटांत टिकमार्क. वाकडा आलेख दिसला की त्याला वाटतं पोराला प्रयोग कळला नाही. गुण तो देतो, तू नाही."

"म्हणून काय करायचं?"

मामांनी जलेबीचा शेवटचा तुकडा उगाच दोन बोटांनी फिरवला. "मीच सांगायचो. पाचव्या प्रयत्नानंतर वेळ कमी दाखवा. नवव्याला थोडा वाढवा, म्हणजे खरं वाटेल. थकवा म्हणून लिहा."

वहिनी हसायला लागल्या, आणि मग हसायच्या थांबल्या.

"नवव्याला वाढवा? बाबा, जळगावला आमच्या सरांनीही हेच सांगितलं होतं. नववाच."

म्हणजे दोन राज्यांत, दोन भाषांत, कित्येक पिढ्यांची मुलं नवव्या प्रयत्नाला थकत आली आहेत. मला हे ऐकून खूप हसू आलं. मामांना आलं नाही.

त्यांनी सिरिल बर्टचं नाव काढलं. बुद्धी आनुवंशिक असते हे जुळ्यांवरून सिद्ध करणारा नामांकित इंग्रज. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकातला सहसंबंध त्याने आधी एकवीस जोड्यांवर दिला, मग तीसहून जास्त जोड्यांवर, मग १९६६ मध्ये त्रेपन्न जोड्यांवर. दरवेळी ०.७७१. जोड्या वाढल्या, तिसरा दशांश हलला नाही. तो गेल्यावर लिऑन कामिन यांनी हे जगाच्या नजरेस आणलं. बर्टने मुद्दाम केलं की गबाळेपणाने झालं, यावर त्याचे पाठीराखे अजूनही भांडतात.

"मी हे दरवर्षी शिकवायचो," मामा म्हणाले. "सोमवारी बर्टची लबाडी शिकवायचो आणि बुधवारी प्रॅक्टिकलला नववा प्रयत्न वाढवायला सांगायचो. मला कधी विसंगती वाटली नाही. आता या वयात तुझ्या कागदामुळे वाटायला लागली."

वहिनींनी सूर मऊ केला. "तुमच्या एकट्याचं नाही, बाबा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले छापून आलेले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर छत्तीस टक्क्यांमध्येच निष्कर्ष पुन्हा टिकला. सगळेच काही लबाड नव्हते. पण सुंदर आलेखाची सवय सगळ्यांना पहिल्या वर्षापासूनच लागलेली असते."

"परीक्षकाचं काय करशील पण?"

"प्रत्येक वाकड्या आलेखाखाली मी सही करणार. 'आकडे माझ्यासमोर घेतले.' मग कापू देत गुण."

"कापेल."

"कापू देत."

याबाबतीत मी वहिनींच्या बाजूचा आहे, पण एक गोष्ट मला टोचली, ती नोंदवतो. गुण कापले गेले तर ते वहिनींचे नाही, त्या मुलाचे कापले जाणार. तत्त्व मास्तरांचं आणि दंड पोरांना. मी हे बोललो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणूनच भावजी, पहिल्या तासाला सांगायचं. ज्याला नको त्याला विषय बदलायला पंधरा दिवस आहेत."

*

त्याच पानावर पुढे होतं : प्रयोज्य व्हायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, प्रयोग मध्येच सोडता येईल, सोडला म्हणून गुण जाणार नाहीत, त्याऐवजी एक लेखी काम दिलं जाईल. अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी संशोधनात प्रयोज्य म्हणून बसावं अशी अपेक्षा असते, आणि नको असेल त्याला पर्यायी काम देतात. वहिनींनी कलम तिथून घेतलं होतं. मामांना ते चोचले वाटले. चांदणी काढायला कसली आली संमती? वहिनींनी मिलग्रॅमच्या विजेच्या धक्क्यांच्या प्रयोगाची आठवण करून दिली : चाळीसपैकी सव्वीस माणसं भिंतीपलीकडचा माणूस विरोध करत असतानाही शेवटच्या खटक्यापर्यंत गेली, कारण 'थांबायचं असेल तर थांबा' असं त्यांना कुणी सांगत नव्हतं, उलट 'चालू ठेवा' म्हणत होते. नाही म्हणायची सवय चांदणीवरच लावायची.

मामांनी इथे वेगळाच मुद्दा काढला, आणि तो मला खरा वाटला. ते म्हणाले, आपल्या पोरांना प्रयोज्य होण्यापासून सूट देऊ नकोस, त्यांना सांग की ती मोलाची आहेत. आपल्या पुस्तकातली माणसं कोण? अमेरिकेतल्या कॉलेजांतली मुलं. हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हेच तर दाखवलं, की मूठभर श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या माणसांवरून आपण अख्ख्या मनुष्यजातीबद्दल बोलत आलो. १९३० च्या दशकात धारवाडकडे कामत नावाच्या गृहस्थांनी बिनेची बुद्धिचाचणी मराठी आणि कानडी मुलांवर घासून-पुसून घेतली, म्हणून बिने-कामत चाचणी आपल्याकडे अजून वापरतात. कोरकू मुलांवर कुणी घासली? खकनारचा मुलगा आरशातली चांदणी काढतो तेव्हा त्याला सांग, तुझे आकडे पुस्तकात नाहीत.

"हे मी लिहू?"

"लिही. 'आपके आँकड़े किताब में नहीं हैं.' पहिलं वाक्य हेच कर."

वहिनींनी लिहून घेतलं. त्या संध्याकाळी मामांचं जसंच्या तसं घेतलेलं हे पहिलं वाक्य.

मोबाइल आणि चॅटजीपीटीची कलमं मामांनी वाचली नाहीत. "गाइडवरून उतरवायचे, आता त्यावरून उतरवतील. अक्षर तरी गाइडवाल्यांचं स्वतःचं असायचं." दर शनिवारी पाच प्रश्नांच्या तोंडी परीक्षेला मात्र त्यांनी मान डोलावली; नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगितलेलं आठवड्याने जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलंय, आणि मामांच्या आजीने पाढ्यांच्या बाबतीत त्याच्या बरंच आधी.

*

खरा पेच शेवटून दुसऱ्या कलमात होता. दोन भाग. एक : वर्गात शिकलेले शब्द वापरून वर्गमित्राचं, घरच्यांचं किंवा शिक्षकांचं निदान करू नये. यावर एकमत झालं. प्रथम वर्षाची दिवाळी आली की घरोघरी सासवा 'ऑब्सेसिव्ह' ठरतात, हे मामांनी मामींकडे न बघता सांगितलं.

दुसरा भाग : मी तुमची शिक्षिका आहे, समुपदेशक नाही. मन फार अस्वस्थ असेल तर टेली-मानसला फोन करा, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, फुकट आहे, ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

मामा कागद खाली ठेवून म्हणाले, "नंबर देतेस? पोर तुझ्यापुढे रडत असेल आणि तू नंबर देशील?"

"रडत असेल तर पाणी देईन, जवळ बसेन. मग नंबर देईन."

"माझ्याकडे यायची पोरं. मानसशास्त्राचे सर म्हणजे मनातलं सांगायचे सर. मी ऐकायचो."

"ऐकून काय सांगायचात?"

"काय सांगणार? अभ्यासात मन लाव, सगळं ठीक होईल."

"आणि व्हायचं?"

मामांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. लूम चालूच होते. "काहींचं व्हायचं," ते म्हणाले.

"बाबा, मला शिकवता येतं, उपचार येत नाहीत. एम.ए.ला ते शिकवलंच नाही. आणि समजा येत असते, तरी मी पुढच्या जुलैत इथे असेन याची हमी कोण देतो? एखादीने माझ्याजवळ सगळं उघडं केलं आणि सत्र संपलं की मी नाही. मग? मी पहिल्या दिवशीच सांगते, मी कुठवर आहे. त्यात कोरडेपणा नाही."

मला इथे निवाडा करता येत नाही. वहिनींचं बरोबर आहे, हे डोकं सांगतं. पण मला माझे कॉलेजातले एक सर आठवतात, ज्यांनी कुठलाही नंबर दिला नव्हता, नुसते स्टँडपर्यंत सोबत चालत आले होते. त्या वेळी त्यांनी काय सांगितलं यातलं एक वाक्य मला आठवत नाही. चालणं आठवतं.

मामांनी पेन्सिल उचलली. मला वाटलं, कलम खोडतात. त्यांनी खोडलं नाही, त्याच्या खालच्या ओळीवर टोक ठेवलं. तिथे सगळ्याच माहितीपत्रकांत असतं तसं एक वाक्य होतं : काही अडचण असल्यास शिक्षकांना भेटावं.

"हे बदल."

"यात काय चुकलं?"

"'असल्यास' चुकलं. शाहपूरच्या मुलीला अडचण होतीच की. हे असं लिही : अडचण असो, नसो, पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येकाने एकदा एकट्याने येऊन भेटायचंच. पाच मिनिटं. त्याला गुण लाव हवं तर. सगळ्यांनाच यावं लागलं, तर कोण का आलं हे कुणाला कळणार नाही."

वहिनी त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांच्यातली अतिथी विद्वान जागी झाली. "ऐंशी मुलं, पाच मिनिटं. चारशे मिनिटं. जवळजवळ पावणेसात तास, बाबा. हे माझ्या कुठल्या तासिकेत बसत नाही. याचे मला कुणी पैसे देणार नाही."

"नाही देणार."

"आणि बसू कुठे? स्टाफरूममध्ये?"

"स्टाफरूममध्ये मुळीच नाही. वर्गातच बस, दार उघडं ठेवून."

वहिनींनी पर्समधून वेळापत्रक काढलं. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी दीडनंतर त्या मोकळ्या होत्या. त्यांनी तिथे पेनाने गोल केला.

"दुपारी नको," मामा म्हणाले. "खकनारची बस दीडला सुटते, ती पोरं थांबायची नाहीत. सकाळी बस. रात्रपाळी आठला सुटते, लूमवाली पोरं साडेआठपर्यंत येतील. तुझा तास दहाला आहे ना?"

"दहाला."

"मग त्यांना घरी जाऊन झोपायच्या आधी पकड."